पास सेक्शनची खिडकी: न परतलेल्या कार्डांची यादी

टिंगरेनगरवासी

परवा नोकऱ्यांच्या धाग्यावर एका मुलाने विचारलं होतं: विमानतळावर लोडरची नोकरी लागली, पत्र हातात आलं, पण "पास होईपर्यंत घरी थांब" असं सांगितलंय, महिना होत आला, हे काय प्रकरण आहे? तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते लांबत गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

मी बारा वर्षं विमानतळाच्या पास सेक्शनमध्ये काढली. आधी खिडकीवर, मग शेवटची सात वर्षं सुपरवायझर म्हणून. दोन शहरं झाली, पुणे त्यात नाही. आता टिंगरेनगरला राहते आणि लोहगावच्या, म्हणजे पुणे विमानतळाच्या, आसपासच्या ठेकेदारांकडे जे लोक पासची कागदपत्रं बघतात त्यांना शिकवते. विमानतळांची नावं लिहिणार नाही, आणि तपासणीतलं जे खिडकीच्या आतच राहायला हवं तेही लिहिणार नाही. बाकी मोकळेपणाने विचारा.

प्रवाशाचा बोर्डिंग पास एका विमानापुरता असतो. कर्मचाऱ्याच्या गळ्यातला पास रोजचा, आणि प्रवासी जिथे एकटा कधीच पोचत नाही तिथवर तो नेतो: बॅगा लावायची जागा, विमानाचं पोट, कार्गो, ॲप्रन म्हणजे विमानं उभी राहतात ती मोकळी जागा. कागदावर त्याला एअरपोर्ट एन्ट्री पास म्हणतात, बोलताना सगळे एईपी म्हणतात. त्याचे नियम ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी ठरवते, म्हणजे बीकॅस. १९७८ मध्ये हा डीजीसीएमधला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातला, एक कक्ष होता. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बने पाडलं, ३२९ माणसं गेली, आणि त्यानंतर १ एप्रिल १९८७ पासून बीकॅस स्वतंत्र विभाग झाला. दारात पास बघतो तो सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, जवान. कंदाहार अपहरणानंतर, २००० सालापासून, सीआयएसएफ एकेका विमानतळावर येत गेली.

पासवर नाव, फोटो, संस्थेचं नाव, मुदत आणि कुठल्या भागात जायची मुभा आहे त्याच्या खुणा असतात. चेक-इन काउंटरवरच्या मुलीला ॲप्रनवर जायचं कारण नाही, ट्रॉल्या गोळा करणाऱ्याला कार्गोत जायचं कारण नाही. पण अर्ज येतो तेव्हा संस्थेने सगळ्या चौकटींवर टिक केलेली असते. "असू द्या मॅडम, कधी लागलं तर." खिडकीवरच्या माझ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे शिकवायचे की प्रत्येक टिकेमागे रोजचं काम दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर खोडा आणि अर्जदाराला तोंडावर सांगा.

अर्ज माणूस स्वतः करत नाही, त्याची संस्था करते. संस्थेचा ठरलेला एक सही करणारा असतो. मग ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, ॲव्हसेक म्हणजे विमान सुरक्षेचं प्रशिक्षण, बोटांचे ठसे, फोटो. वेळ जातो तो मुख्यतः पडताळणीत, आणि त्याहून जास्त चुकीच्या कागदांत. दहातले चार अर्ज माझ्याकडून परत जायचे, आणि त्यातल्या तीन ठिकाणी चूक अर्जदाराची नसायची, सही करणाऱ्याची असायची.

हे सगळं देण्याचं काम. त्याला नियम आहेत, खिडकीवर शिकलेली मुलगी ते नीट करते. सुपरवायझरचं खरं काम पास परत घेण्यात असतं, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली कायम एक यादी असायची: नोकरी सुटली पण पास जमा झाला नाही. महिन्याच्या शेवटी ती यादी किती लांब आहे, यावरून मी माझ्या ऑफिसची किंमत करायचे.

एक प्रसंग सांगते. सफाईचं एक कंत्राट संपलं आणि दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं. पासवर संस्थेचं नाव छापलेलं असतं. म्हणजे माणसं तीच, मजला तोच, झाडूसुद्धा तेच, तरी जुने पास जमा करून नव्या संस्थेच्या नावाने पुन्हा काढायचे. ६४ पास होते. जुन्या ठेकेदाराच्या माणसाने ते मिठाईच्या खोक्यात भरून आणले, वर दोन रबरबँड. मी आणि माझ्या सहकारी मुलीने संध्याकाळी टेबल रिकामं केलं आणि एकेक पास यादीशी लावला. साठ भरले. चार नव्हते.

एक गणवेशाच्या खिशात राहून इस्त्रीवाल्याकडे गेलेला निघाला. एक उदगीरला गावी गेलेल्या माणसाजवळ होता, तो त्याच्या भाच्याने तिसऱ्या दिवशी आणून दिला. एकाची पोलिसांत हरवल्याची तक्रार झालेली होती, ठेकेदाराने तो कागद आमच्यापर्यंत आणलाच नव्हता. चौथा मुलगा फोन उचलेना.

तो सापडला तेव्हा कळलं की पास त्याच्या खोलीमालकाकडे होता. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, मालक म्हणाला, काहीतरी ठेव माझ्याकडे. त्या मुलाकडे ठेवण्यासारखी तेवढीच वस्तू होती. त्यानंतर तो कामावर आला नव्हता, आजारी आहे म्हणून सांगत होता. भाडं का थकलं? शेवटचे दोन पगार ठेकेदाराने दिले नव्हते.

म्हणजे नऊ दिवस एक चालू पास कोणाच्या तरी घरात टीव्हीखालच्या कप्प्यात पडून होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी पास बंद केला, वर कळवलं, मग त्याला विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" तो माझ्या टेबलाकडे बघत म्हणाला, "मॅडम, दंड लावतील, नोकरी जाईल, म्हणून."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नियम आमच्याकडे पूर्ण होते. पण तो मुलगा नऊ दिवस ज्याला घाबरला ती माझीच खिडकी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी एक बदल केला. खिडकीच्या बाजूला एक स्टूल ठेवलं. पास हरवला, चोरीला गेला, कोणी काढून घेतला, काहीही असो, तो माणूस रांगेत न थांबता सरळ त्या स्टुलावर येऊन बसेल. आधी पास बंद, मग पाणी, मग कागद. दंड जो नियमाने असेल तो होईल, तो मी माफ करू शकत नव्हते आणि केलाही नाही. पण कोणीही आवाज चढवायचा नाही. सहा महिन्यांत लोक त्याच दिवशी सांगायला येऊ लागले. एक जण तर भर पावसात चप्पल हातात घेऊन आला, पास ओढ्यात पडला म्हणून.

कलवडकर

ताई, नोकऱ्यांच्या धाग्यावर विचारणारा तो मुलगा मीच. धागा काढलात, खूप आभार. माझी अडचण अशी की कायमचा पत्ता मुखेड तालुक्यातला आहे आणि पुण्यात कलवड वस्तीत तीन मित्रांबरोबर खोलीत राहतो. भाडेकरार एकाच्या नावावर आहे. सुपरवायझर म्हणतात पडताळणी अडकली आहे, आणि कुठे अडकली ते कोणी सांगत नाही. दुसरं एक विचारायचं होतं. गावात दोन वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं, त्यात चुलत्यांबरोबर माझंही नाव तक्रारीत घातलं होतं. ते अर्जात लिहायचं का?

टिंगरेनगरवासी

@कलवडकर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: लिहायचं. पडताळणीत ते येणारच. तुम्ही लिहिलेलं असेल तर बघणारा अधिकारी प्रकरण काय आहे, कुठवर आलंय, कोर्टाचा काही कागद आहे का, हे विचारतो. तुम्ही लिहिलं नसेल तर मग बांधावरचं भांडण बाजूला राहतं आणि तुम्ही लपवलंत एवढाच मुद्दा उरतो. माझ्या बारा वर्षांत लोकांचे पास हुकले ते बहुतेक वेळा लपवण्याने. प्रकरण मिटलं असेल तर त्याचा कागद मुखेडहून आताच मागवून ठेवा. निर्णय अधिकाऱ्याचा असतो, पास मिळेलच असं मी सांगू शकत नाही.

पत्त्याचं: दोन पत्ते असले की दोन्हीकडे चौकशी जाऊ शकते. पुण्यातला पत्ता अर्जावर एक, आधारवर दुसरा आणि करारावर तिसऱ्याच माणसाचं नाव, असं असेल तर चौकशीला आलेल्या पोलिसाला तुम्ही तिथे राहता हे पटणार कसं? मालकाशी बोलून करारात चौघांची नावं घाला. खालच्या मजल्यावर जे राहतात त्यांना सांगून ठेवा की अमुक नावाने कोणी विचारायला येईल. हे फार साधं वाटेल, पण "या नावाचा इथे कोणी राहत नाही" असं शेजाऱ्याने सांगितल्यामुळे परत आलेले कागद मी स्वतः मोजले आहेत.

आणि ठेकेदाराला अर्जाचा क्रमांक मागा. तो मागायचा तुम्हाला अधिकार आहे.

चाफा

माझी बहीण एका एअरलाइनच्या कॅटरिंगकडे लागते आहे. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर पहिलं नाव माहेरचं आणि आडनाव सासरचं. एकाच बाईच्या तीन बायका झाल्यात. तिला सांगितलं सगळं सारखं करून आणा. चार महिने जातील. काही दुसरा मार्ग?

टिंगरेनगरवासी

@चाफा, सगळ्या कागदांवर आजच्या आज एक नाव येणार नाही हे खिडकीवरच्यांनाही माहीत असतं. त्यांना दुवा लागतो, म्हणजे ही आणि ती एकच बाई हे दाखवणारा सरकारी कागद. विवाह नोंदणी दाखल्यावर दोन्ही नावं असतील तर तो, नाहीतर गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्रात छापलेली नाव बदलल्याची नोंद. नुसतं शंभरच्या स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र पुष्कळदा पुरत नाही. आधी पॅन आधारसारखं करून घ्या, ते लवकर होतं. गॅझेटचा अर्ज त्याच दिवशी टाका.

बायकांच्या बाबतीत हे इतक्या वेळा पाहिलंय की मनात राग साठलेला आहे. पुरुषाचं नाव जन्मापासून एकच, त्याचा अर्ज एका फेरीत होतो. तीच नोकरी, तोच पगार, पण बाईच्या चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला एक खाडा.

त्यात बोटांचे ठसे. पास आता बायोमेट्रिक आहेत. फिनाईलच्या पाण्यात वर्षानुवर्षं हात घालणाऱ्या बायकांच्या बोटांवर रेघा राहत नाहीत. माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. दहाही बोटं लावून झाली, मशीन प्रत्येक वेळी लाल. मागे रांग वाढलेली. त्या स्वतःच्या पंजाकडे बघत म्हणाल्या, "रेघाच गेल्या की माझ्या." मी त्यांना आत बसवलं, कोमट पाण्यात हात धरायला लावले, कोरडे पुसले, थोडं व्हॅसलीन चोळून परत पुसलं. शेवटी उजव्या हाताची करंगळी मशीनने घेतली. करंगळीवर कामाचा भार कमी पडतो ना. तेव्हापासून आमच्याकडे मशीनशेजारी स्पंजची डबी असायची, बँकेत नोटा मोजताना बोट ओलं करायला ठेवतात तसली. बोट फार कोरडं असलं तरी ठसा येत नाही, तेवढा ओलावा पुष्कळांना पुरायचा.

जुना_लोहगाव

हवाई दलात होतो, लोहगावला दोन पोस्टिंग झाल्या, आता धानोरीत स्थायिक. पुण्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इथली धावपट्टी विमानतळाची नाहीच, हवाई दलाची आहे. हा तळ १९३९ मध्ये इंग्रजांच्या हवाई दलाने उभारला. नागरी विमानतळ म्हणजे त्याला लागून दिलेला एक तुकडा, ज्याला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. एटीसी, म्हणजे विमानांना उतरायच्या-उडायच्या सूचना देणारा कक्ष, तोसुद्धा हवाई दलाकडे आहे. २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर विमानतळ चौदा दिवस पूर्ण बंद होता, आठवत असेल.

म्हणून लोहगावला ॲप्रनवर काम करणाऱ्या पोराने हे समजून घेतलं पाहिजे की कुंपणापलीकडे लढाऊ विमानं उभी आहेत. मोबाइल काढून "मागे सुखोई येतंय" असा फोटो काढायचा मोह होतो. तसल्या एका फोटोपायी पोरं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. पासने आत जायची परवानगी मिळते, बघितलेलं बाहेर न्यायची मिळत नाही.

टिंगरेनगरवासी

काका, हे माझ्या वर्गात मी सांगतेच, आता तुमच्या शब्दांत सांगेन.

रात्रपाळी

मला जरा वेगळं वाटतं, स्पष्ट लिहितो. माझे वडील विमानतळावर सामान चढवायचं काम करायचे. (कुठल्या ते लिहीत नाही.) पास संपायला आला की आमच्या घरात महिनाभर ताण असायचा. ठेकेदार नूतनीकरणाचा अर्ज शेवटच्या आठवड्यात टाकायचा, मुदत संपायची, आणि नवा पास येईपर्यंत वडील बिनपगारी घरी. एकदा तेवीस दिवस. पडताळणीचा पैसाही पगारातून कापला होता. सुरक्षा पाहिजे, मान्य. पण तिचा सगळा भार शेवटच्या माणसाच्या पोटावर का? चूक करणाऱ्या ठेकेदाराला कोण काय करतं?

विमाननगर_सेक्टर

@रात्रपाळी, भावना समजते, पण मुदत संपलेल्या पासवर एक दिवस सूट दिली तर उद्या कोणालाही द्यावी लागेल. तिथे माणूस चांगला की वाईट हे बघत बसता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा.

रात्रपाळी

सूट मी मागितलीच नाहीये. अर्ज वेळेवर टाकायची सक्ती मागतोय.

टिंगरेनगरवासी

@रात्रपाळी, तुमचं बरोबर आहे, आणि तेवीस दिवस वाचून वाईट वाटलं. मुदत संपलेला पास चालवू द्यायचा नाही, यावर माझं मत कधी बदललं नाही. पण पास संपणार आहे हे दोन महिने आधी माहीत असतं. ते कळवणं खिडकीचं काम आहे असं मी धरलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक संस्थेला यादी जायची: पुढच्या साठ दिवसांत तुमच्या या लोकांचे पास संपतात. यादीची एक प्रत मी ऑफिसबाहेरच्या फलकावर लावायचे, फक्त पासचा क्रमांक आणि तारीख. नाव नाही. माणूस आपला क्रमांक ओळखतो आणि स्वतः ठेकेदाराच्या मागे लागतो. ठेकेदारांना तो फलक आवडत नसे.

आणि दुसरं. जे वारंवार उशीर करायचे त्यांच्या सही करणाऱ्याला मी पुन्हा प्रशिक्षणाला बसवायचे. पूर्ण दिवस. तिसऱ्यांदा झालं तर संस्थेच्या मालकाला पत्र. एवढंच माझ्या हातात होतं. पगार कापण्याबद्दल माझ्या हातात काही नव्हतं, त्याबद्दल कामगार कार्यालयात जायला लोकांना सांगायचे. काही गेले, बरेच गेले नाहीत.

"सगळ्यांना सारखा" हे मात्र खरं आहे, आणि तसं दिसायलाही हवं. माझ्याकडे एका मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाचा पास घरी राहिला होता. "मला सगळे ओळखतात" म्हणून ते आत जायला निघाले. जवानाने अडवलं. माझ्याकडे फोन आला. मी खाली गेले आणि जवानाच्या बाजूला उभी राहिले, बोलले काहीच नाही. ते घरी जाऊन पास घेऊन आले. त्या दिवशी बाजूच्या रांगेत तीस-चाळीस लोडर उभे होते, त्यांनी ते पाहिलं. मला दहा वर्ग घेऊनही जे सांगता आलं नसतं ते त्यांना तिथे दिसलं.

बाणेर_ते_बेलव्ह्यू

मूळचा बाणेरचा, आता सिॲटलजवळ राहतो, विमानतळाशी संबंधित आयटीत आहे. इकडचं थोडं लिहितो. अमेरिकेत याला बॅजिंग ऑफिस म्हणतात. ते विमानतळ चालवणाऱ्या संस्थेचं असतं, नियम टीएसएचे, म्हणजे तिकडच्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेचे. ठशांवरून गुन्ह्यांची नोंद तपासतात, ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी मागची दहा वर्षं बघतात. ताई म्हणतात तसा सही करणारा इथेही असतो, त्यालाच ऑथोराइज्ड सिग्नेटरी म्हणतात, आणि त्याचंही प्रशिक्षण होतं. हरवलेल्या बॅजचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं की सगळ्यांचेच बॅज नव्याने काढायची वेळ येते. त्यामुळे इथल्या सुपरवायझरच्या टेबलावरही ताईंच्या काचेखालची यादी असते.

पण १० ऑगस्ट २०१८ ला इथेच, सी-टॅक विमानतळावर, जमिनीवरचं काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने रिकामं क्यू४०० विमान सुरू केलं आणि एकटाच घेऊन उडाला. तासाभराने ते एका बेटावर पडलं, तो गेला. त्याचा बॅज खरा होता, चालू होता, त्या जागी जायची त्याला मुभा होती. तपासण्यांत काहीच चुकलेलं नव्हतं. तेव्हापासून मला प्रश्न पडतो की पास ऑफिस अशा वेळी काय करू शकतं?

टिंगरेनगरवासी

पास ऑफिस एकटं काही करू शकत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पडताळणी माणसाचा मागचा काळ बघते. आज त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या शेजारी काम करणाऱ्याला दिसतं, दिसलं तर. आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, २०२१ हे वर्ष सुरक्षा संस्कृतीचं म्हणून जाहीर केलं होतं, त्यात हाच विचार होता की सुरक्षा ही फक्त गणवेशातल्या माणसांची जबाबदारी नाही. पण शेजारच्याने येऊन सांगायचं कोणाला? ज्या ऑफिसात पास हरवल्याचं सांगायला माणूस नऊ दिवस घाबरतो, तिथे "माझा जोडीदार हल्ली बरा दिसत नाही" हे सांगायला कोण येणार? म्हणून मला ते स्टूल महत्त्वाचं वाटतं.

पोरवाल_रोड

फार चांगला धागा. मी २०१७ पर्यंत एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत होतो, मग आयटीत आलो. खरं सांगायचं तर माझा शेवटचा पास अजून घरी आहे. सोडताना कोणी मागितला नाही आणि मीही दिला नाही. पहिल्या नोकरीची आठवण म्हणून कपाटात आईने दिलेल्या पेनाशेजारी ठेवलाय. आठ वर्षांपूर्वी संपलेला आहे, त्यामुळे त्याने काही होत नसणार. की होतं?

टिंगरेनगरवासी

@पोरवाल_रोड, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. तो परत करा.

७ डिसेंबर १९८७ ला अमेरिकेत पीएसए या विमान कंपनीचं १७७१ क्रमांकाचं विमान लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं होतं. त्यात एक माणूस होता, ज्याला चोरीवरून नोकरीवरून काढलं होतं. त्याचं ओळखपत्र परत घेतलं नव्हतं. ते दाखवून तो तपासणी चुकवून पिस्तूल घेऊन आत गेला. त्याला काढणारा त्याचा साहेब त्याच विमानात होता. ४३ माणसं होती, कोणी वाचलं नाही. त्यानंतर तिकडे नोकरी सुटताच ओळखपत्र ताब्यात घ्यायची सक्ती झाली. मी प्रत्येक वर्गात हे सांगते. ते ओळखपत्र बनावट नव्हतं. ते खरं होतं, फक्त त्याच्यामागची नोकरी संपली होती.

तुमच्या पासने आज कुठलंही दार उघडणार नाही, बरोबर आहे. पण तुमच्या आधीच्या कंपनीच्या यादीत तुमच्या नावापुढे आठ वर्षं एक ओळ उघडी आहे, आणि तो पास घरातून कोणाच्या हाती लागला तर लांबून बघणाऱ्याला तो खराच दिसतो. ज्याच्या गळ्यात खरा दिसणारा पास आहे त्याला बाहेरच्या बाहेर किती गोष्टी विचारता येतात, किती जणांना फसवता येतं, विचार करा. विमानतळावर नोकरी लावतो म्हणून पोरांकडून पैसे उकळणारे असेच पास दाखवतात.

@कलवडकर, हे तुमच्यासाठीही: पाससाठी कोणी रोख पैसे मागितले तर देऊ नका, आणि आधी मला इथे विचारा.

कलवडकर

ताई, एकाने मागितले होते. पंधरा हजार. गळ्यात पास घालूनच बसला होता खेसे पार्कच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर. माझ्याकडे नव्हते म्हणून दिले नाहीत.

टिंगरेनगरवासी

विमानतळ पोलिस ठाण्यात जाऊन सांगा. एकटं जायला नको वाटत असेल तर मी येते. तुमच्या आधी किती जणांनी दिले असतील.

चाफा

मीही येईन. धानोरीहून जवळच आहे.

कलवडकर

काल गेलो होतो, दोन्ही ताई बरोबर होत्या. तक्रार लिहून घेतली. करारात चौघांची नावं घालायला मालक तयार झालेत. मुखेडचा कागद चुलते पाठवतायत. अर्जाचा क्रमांक मिळाला.

पोरवाल_रोड

आज सुट्टी काढून जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. मला वाटलं होतं ओरडतील. तिथे एक मुलगी होती, तिने पास उलटापालटा करून बघितला, मग जुनी फाइल काढायला आत गेली. वीस मिनिटं लागली. माझ्यासारखी अजून अकरा नावं त्या पानावर होती, त्यातल्या तिघांना मी ओळखतो. तिने माझ्या नावावर पट्टी धरून सरळ रेघ मारली, तारीख घातली, सही घेतली आणि माझ्यासमोर पासचा कोपरा कात्रीने कापला. पावती दिली. त्या तिघांपैकी दोघांचे नंबर माझ्याकडे आहेत, त्यांना आत्ताच फोन केला. तिसरा दुबईला आहे, त्याला मेसेज टाकलाय.